ताऱ्यातल्या मूलद्रव्यांवर बोलणार असशील तर

सप्रेम आशीर्वाद,

भाषणाचं टिपण आणि भिंतीवर लावायचा तक्ता, दोन्ही वाचलं. मेहनत दिसते. पण वाचून झाल्यावर हाती राहते ती यादी: हायड्रोजनचं हीलियम, हीलियमचं कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोखंड, लोखंड आलं की स्फोट, स्फोटात सोनं, टाळ्या. एक-दोन जागा सोडल्या तर यादीत चूक नाही. ती ऐकणाऱ्याला पाठ होईल, पण पटणार नाही. विश्वात ऑक्सिजन पोत्यानं आणि बेरिलियम चिमटीनं का, हे तिच्यातून कळत नाही.

म्हणून प्रत्येक मूलद्रव्याला तीन प्रश्न विचार. तयार कशातून झालं? पुढं जाताना वाट कुठं अडली? आणि ताऱ्याच्या पोटातून बाहेर कसं पडलं? यातला मधला प्रश्न सगळ्यात कामाचा, आणि तुझ्या टिपणात तोच नाही. बोरघाटात एक ट्रक बंद पडला की मागं मैलभर रांग लागते. अणुकेंद्रांचंही तसंच. जी पायरी सगळ्यात हळू, तिच्या अलीकडं माल साचतो, आणि साचलेला माल म्हणजेच आपल्याला दिसणारं मूलद्रव्य. नायट्रोजन, ऑक्सिजन, बेरियम, शिसं, प्लॅटिनम ही सगळी अशा रांगेत अडकलेली मंडळी आहेत.

आधी तुझं पहिलंच वाक्य: "आपण सगळे ताऱ्यांची राख आहोत." हे अर्धवट खरं आहे. शरीरातला हायड्रोजन कुठल्याही ताऱ्यात तयार झालेला नाही, तो महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांपासून तसाच आहे. वजनानं तो आपल्यात साधारण एक दशांश, पण अणू मोजले तर साठ टक्क्यांच्या वर. म्हणजे अणूंच्या शिरगणतीत आपण बहुतांशी महास्फोटाचे आणि वजनात बहुतांशी ताऱ्यांचे. हे असंच सांग, श्रोते जागे होतील. महास्फोटातून निघालेला माल वजनानं सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन, एक चतुर्थांश हीलियम आणि किंचित ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) व लिथियम, एवढाच होता. तो पुढं का गेला नाही? कारण ५ किंवा ८ कणांचं (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) एकही टिकाऊ अणुकेंद्र निसर्गात नाही. हीलियमवर प्रोटॉन चढवा, तुटतं. हीलियमवर हीलियम चढवा, तुटतं. विश्व झपाट्यानं थंड होत होतं, दुसरी वाट शोधायला उसंतच नव्हती. पहिली अडचण इथं, आणि ती पार करायला ताऱ्यांना यावं लागलं.

हीलियमच्या शोधाबद्दल तू विजयदुर्गाचा उल्लेख केला आहेस: इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी १८६८ च्या ग्रहणात तिथून हीलियम शोधला, असा. कोकणात ती कथा सगळे सांगतात, पण भाषणातून ती काढ किंवा दुरुस्त कर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात या शोधाशी नाव जोडलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकयर तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली हीलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. लॉकयर विजयदुर्गाला खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी १८९५ मध्ये हीलियम पृथ्वीवरच्या खनिजातूनही काढून दाखवला होता. किल्ल्याचा मान यानं कमी होत नाही, फक्त तीस वर्षांची गल्लत मिटते.

आता सूर्य. तुझा आकडा "दर सेकंदाला ४० लाख टन हायड्रोजन जळतो" असा आहे. इथं दोन आकडे एकमेकांत मिसळले आहेत. वहीत करून बघ. सूर्याची शक्ती ३.८३ गुणिले १० चा २६ वा घात वॉट. तिला प्रकाशवेगाच्या वर्गानं भागलं की सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. आता चार हायड्रोजन अणूंचं वस्तुमान ४ × १.००७८२५ = ४.०३१३००, आणि एका हीलियमचं ४.००२६०३. फरक ०.०२८६९७, म्हणजे मूळच्या सुमारे ०.७१ टक्के. ४२ लाख टनांना ०.००७१ नं भागलं की ६० कोटी टनांच्या जवळपास येतं. जळतो तो ६० कोटी टन, नाहीसा होतो तो ४२ लाख टन. यात विद्यार्थी हमखास अडखळतात ती जागा म्हणजे इलेक्ट्रॉन. अणूची वस्तुमानं घेतलीस तर दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन आणि वाटेत निघणारे पॉझिट्रॉन यांचा हिशोब आपोआप जुळतो. नुसत्या अणुकेंद्राची घेतलीस तर तो हातानं जुळवावा लागतो. एका बाजूला अणू आणि दुसऱ्या बाजूला अणुकेंद्र धरलं की उत्तर एक-दोन एमईव्हीनं (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अणुकेंद्रांच्या ऊर्जेचं एकक) घसरतं. बरोबर उत्तर २६.७३ एमईव्ही. त्यातले साधारण दोन टक्के न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे कण) घेऊन जातात.

"सूर्य म्हणजे प्रचंड हायड्रोजन बॉम्ब" हे वाक्य तर खोडूनच टाक. सूर्याची शक्ती त्याच्या वस्तुमानानं भाग: किलोमागं ०.०००२ वॉटसुद्धा येत नाही. बसलेला माणूस किलोमागं एक वॉटच्या वर उष्णता देतो. सूर्याच्या केंद्रातलासुद्धा एक घनमीटर भाग काही शे वॉटच देतो, कुजणाऱ्या शेणखताच्या ढिगाइतपत. सूर्य तळपतो तो थोराड आहे म्हणून. आतली भट्टी अतिशय मंद आहे.

मंद का? केंद्रातलं तापमान सुमारे १.५७ कोटी केल्व्हिन. त्या तापमानाला कणाची सरासरी ऊर्जा एक-दोन हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि दोन प्रोटॉनमधली विद्युत-प्रतिकर्षणाची भिंत दहा लाखांच्या घरातली. भिंत ओलांडणं शक्य नाही. गॅमॉव्ह यांनी १९२८ मध्ये दाखवल्याप्रमाणे कण भिंतीतून 'झिरपतात', आणि तेही जे सरासरीपेक्षा चार-पाचपट जोरात आहेत तेच. एवढं करूनही काम होत नाही. धडकेच्या त्या क्षणात एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि हे काम क्षीण बलाचं (किरणोत्सारी क्षयामागचं दुबळं बल). परिणामी सूर्याच्या केंद्रातल्या एका प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी १,००० कोटी वर्षांच्या आसपास लागतात. पुढची पायरी, ड्यूटेरियमवर प्रोटॉन, काही सेकंदांत उरकते. म्हणून सूर्यात हायड्रोजन भरपूर शिल्लक आहे आणि ड्यूटेरियम जवळजवळ शून्य. अडलेलं साचतं याचं पहिलं उदाहरण हेच.

दुसरं उदाहरण नायट्रोजनचं, आणि माझ्या मते ते तुझ्या भाषणाचं सर्वांत चांगलं दहा मिनिटांचं साहित्य आहे. सूर्याहून थोड्या जड ताऱ्यांत कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या चक्रातून हायड्रोजनचं हीलियम होतं. बेथे यांनी हे १९३९ मध्ये मांडलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की कार्बन इथं फक्त मध्यस्थ, शेवटी होता तसा परत मिळतो. चार प्रोटॉन आत, एक हीलियम बाहेर, हे खरं. पण चक्रातली सगळ्यात हळू पायरी म्हणजे नायट्रोजन-१४ वर (आकडा म्हणजे केंद्रातले एकूण कण) प्रोटॉन चढण्याची. बाकीच्या पायऱ्या भराभर होतात आणि सगळा माल नायट्रोजन-१४ वर येऊन थांबतो. मूळचा कार्बन चक्रात शिरतो आणि बहुतेक सगळा नायट्रोजन होऊन बसतो. हवेतला ७८ टक्के नायट्रोजन मुख्यतः या रांगेत तयार झाला आहे. याचा ठसा डोळ्यांनी पाहता येणाऱ्या ताऱ्यावरही आहे. पृथ्वीवर कार्बन-१२ आणि कार्बन-१३ चं प्रमाण साधारण ८९ ला १. चक्रात ते साडेतीनला १ पर्यंत खाली येतं. स्वातीच्या वर्णपटात हे प्रमाण दहाच्याही खाली मिळतं. चक्रातून गेलेला माल तिथं ढवळून पृष्ठभागावर आलेला आहे.

हे सांगण्यापेक्षा दाखव. कार्बन-१२, कार्बन-१३, नायट्रोजन-१४, नायट्रोजन-१५ अशा चार साठ्यांची चार समीकरणं लिही, पायथनमध्ये सोडव आणि आलेख काढ. अभिक्रियांचे वेग 'रीॲक्लिब' या खुल्या संग्रहातून घे. तिथं प्रत्येक वेगासाठी सात सहगुणक असतात आणि तापमान अब्ज केल्व्हिनच्या एककात भरायचं असतं. २ कोटी केल्व्हिन म्हणजे ०.०२. इथं २० भरलंस तरी प्रोग्राम तक्रार करणार नाही, उत्तर फक्त भलतंच येईल. दुसरी खोच सोडवण्याच्या पद्धतीत आहे. काही अभिक्रिया मिनिटांत होणाऱ्या आणि काही लाखो वर्षांच्या असल्यामुळे साधी पुढं पुढं पाऊल टाकणारी पद्धत चालत नाही. तिचं पाऊल सगळ्यात चपळ अभिक्रियेनं बांधलेलं असतं. मोठं पाऊल टाकलंस की साठे ऋण होतात आणि आकडे उधळतात. पायथनच्या 'सायपाय' संचात अशा समीकरणांसाठी असलेली बीडीएफ किंवा राडाऊ पद्धत निवड. प्रत्येक पावलाला चारही साठ्यांची बेरीज स्थिर राहते का ते छाप. ती हलली तर चूक समीकरणात आहे, निसर्गात नाही. आणखी एक: दोन सारखे कण एकमेकांवर आदळतात तिथं २ नं आणि तीन सारखे असतील तिथं ६ नं भागायचं असतं, आणि तीन कणांच्या अभिक्रियेत घनतेचा वर्ग येतो. ही चूक चांगल्या चांगल्यांच्या प्रबंधात सापडते.

पुढं जाण्याआधी एक गैरसमज काढू. टिपणात म्हटलं आहेस, "इंधन संपतं, तारा थंड होतो, म्हणून आकसतो." उलटं आहे. वायूचा गोळा ऊर्जा गमावतो तेव्हा आकसतो आणि आकसताना तापतो. ताऱ्याला गरम गुरुत्वाकर्षण ठेवतं. संमीलन (हलकी अणुकेंद्रं जुळणं) त्या आकसण्याला फक्त थोपवून धरतं. संमीलन नसतं तरी सूर्य दोन-तीन कोटी वर्षं असाच तळपला असता. इंधन संपलं की ताऱ्याचा गाभा आकसतो, अधिक तापतो, आणि आधीची राख आता इंधन होते. सगळी साखळी या एका गोष्टीवर उभी आहे. ती मोडते कधी? गाभा इतका दाट झाला की इलेक्ट्रॉनांचाच दाब त्याला तोलून धरतो तेव्हा. मग आकसणं थांबतं, तापणंही थांबतं, आणि श्वेतखुजा, म्हणजे विझत चाललेला दाट गाभा, तयार होतो.

आता कार्बन. इथं वेळ दे. तापमान १० कोटी केल्व्हिनवर पोचलं की दोन हीलियम जुळून बेरिलियम-८ होतं आणि साधारण १० चा उणे १६ वा घात इतक्या सेकंदात तुटतं. पण तुटण्याच्या आधी पुन्हा होतही असतं, त्यामुळे कुठल्याही क्षणी १०० कोटी हीलियमांमागं एखादं बेरिलियम-८ सापडतं. साल्पीटर यांनी १९५२ मध्ये ही वाट दाखवली. पण ती फारच अरुंद निघाली. तिसरा हीलियम येऊन आदळला तरी त्यातून कार्बन टिकण्याचा वेग ताऱ्यांना पुरेसा नव्हता. १९५३ मध्ये फ्रेड हॉईल यांनी (आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू) उलट बाजूनं विचार केला: कार्बन आहे, तर कार्बनच्या अणुकेंद्राला नेमक्या जागी एक उत्तेजित पातळी असली पाहिजे. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं, आणि ती ७.६५ एमईव्हीच्या आसपास सापडली. ही जागा तुलाही ताडून पाहता येईल. ३ × ४.००२६०३ = १२.००७८०९, कार्बन-१२ बरोबर १२. फरक ०.००७८०९, त्याला ९३१.४९४ नं गुण: ७.२७ एमईव्ही. पातळी त्याच्या जराशी वर आहे, म्हणजे ताऱ्यातल्या उष्णतेला हात पुरेल इतक्याच उंचीवर. तरीसुद्धा त्या पातळीवर पोचलेल्या केंद्रांपैकी बहुतेक पुन्हा तीन तुकडे होऊन विखुरतात. दोन-अडीच हजारांत एखादं खाली उतरून स्थिर कार्बन होतं.

आणि मग कार्बन उरतो कसा? त्यावर आणखी एक हीलियम चढून ऑक्सिजन-१६ होतोच की. ऑक्सिजनमध्ये एक पातळी ७.१२ एमईव्हीला आहे आणि कार्बन अधिक हीलियमची बेरीज ७.१६ ला. पातळी केसभर खाली राहिली. ती वर असती तर सगळा कार्बन ऑक्सिजन होऊन गेला असता. पुढं ऑक्सिजनवर हीलियम चढवायचा तर निऑन-२० मध्ये सोयीच्या जागी पातळी आहे, पण तिची समता (पॅरिटी, पातळीचा एक पुंजगुण) जुळत नाही म्हणून दार बंद. त्यामुळे हीलियम जळून संपतो तेव्हा कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही मोठ्या प्रमाणात उरतात. कार्बनपासून ऑक्सिजनचा वेग ताऱ्यातल्या ऊर्जेला प्रयोगशाळेत थेट मोजता येत नाही. तिथं अभिक्रिया इतक्या विरळ होतात की जास्त ऊर्जेला मोजून खाली अंदाज बांधावा लागतो. म्हणून "कार्बन इतका, ऑक्सिजन इतका" असे दशांश चिन्हानंतरचे आकडे भाषणात देऊ नकोस. ज्या प्रतिकृतीतून (संगणकी मॉडेलमधून) ते घेशील तिनं हा वेग कुठला धरला यावर ते हलतात.

जाता जाता एवढंही काढून बघ. हायड्रोजनमधून प्रत्येक कणामागं ६.७ एमईव्ही मिळतात, हीलियमपासून कार्बनपर्यंत ७.२७ भागिले १२, म्हणजे ०.६. ऊर्जा दहापटीनं घटली आणि तारा मात्र आधीपेक्षा तेजस्वी. पुढचे टप्पे झपझप का संपतात त्याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं न्यूट्रिनोंत. तापमान ५० कोटींच्या वर गेलं की ऊर्जा प्रकाशाच्या रूपानं हळूहळू झिरपत बाहेर येण्याऐवजी न्यूट्रिनो ती थेट घेऊन पळतात. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्याचे नेहमी दिले जाणारे अंदाज असे आहेत: हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं, हीलियम ७ लाखांच्या आत, कार्बन ६०० वर्षं, निऑन वर्षभर, ऑक्सिजन सहा महिने, सिलिकॉन एक दिवस. तापमान ६ कोटींवरून ४०० कोटींवर. प्रतिकृती बदलली की हे आकडे थोडे इकडंतिकडं होतात, क्रम बदलत नाही.

क्रमातली एक गोष्ट तुला खटकायला हवी होती. निऑन ऑक्सिजनपेक्षा जड, तरी आधी का जळतो? कारण तो 'जळत' नाही, तुटतो. १५० कोटी केल्व्हिनच्या वर प्रकाशकणच इतके जोरकस होतात की निऑनमधून हीलियम उपटून काढतात. तो हीलियम दुसऱ्या निऑनवर बसून मॅग्नेशियम होतो. ऑक्सिजन-१६ घट्ट बांधलेला, तो दाद देत नाही. सिलिकॉनचंही तेच. तक्त्यावर तू "सिलिकॉन + सिलिकॉन = निकेल" लिहिलं आहेस, ते पूस. दोन सिलिकॉन केंद्रांमधली विद्युत-भिंत इतकी उंच की त्या तापमानाला ती थेट जुळत नाहीत. काही सिलिकॉन तुटून हीलियम, प्रोटॉन, न्यूट्रॉन सुटतात आणि ते उरलेल्यांवर चढत जातात: गंधक, अर्गॉन, कॅल्शियम, टायटॅनियम, क्रोमियम, लोखंड, निकेल. मोडतोड आणि बांधणी यांचा हा बाजार शेवटी सर्वांत घट्ट केंद्रांपाशी थंडावतो.

"लोखंड-५६ हे सर्वांत घट्ट अणुकेंद्र" हेही पाठ्यपुस्तकी वाक्य आहे. कणामागच्या बंधनऊर्जेत निकेल-६२ किंचित पुढं आहे. कणामागचं वस्तुमान सर्वांत कमी असणारं मात्र लोखंड-५६. पण ताऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं तिसरंच: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान असलेल्या मालातून घाईत जे होतं ते निकेल-५६, चौदा हीलियमांइतकं. त्याचं अर्धायुष्य ६ दिवस, त्यातून कोबाल्ट-५६, त्याचं ७७ दिवस, आणि मग लोखंड-५६. तव्यावरचं, नांगरातलं, रक्तातलं लोखंड बहुतेक आधी निकेल होतं.

आता तिसरा प्रश्न: बाहेर कसं पडलं? ताऱ्याचे थर दाखवणाऱ्या तुझ्या कांद्याच्या चित्रात लोखंडाचा गाभा स्फोटात उधळलेला दाखवला आहेस. तो उधळत नाही. गाभा चंद्रशेखर मर्यादेच्या, सूर्याच्या सुमारे १.४ पटीच्या आसपास गेला की इलेक्ट्रॉनांचा आधार सुटतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉन गिळतात, प्रकाशकण लोखंड फोडतात, दोन्हींत दाब जातो. पृथ्वीच्या आकारमानाचा गाभा सेकंदाच्या आत कोसळून दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन तारा होतो. ते लोखंड कायमचं गेलं. बाहेर पडतं ते नवं: धक्कालहर सिलिकॉन-ऑक्सिजनच्या थरांतून जाताना काही क्षणांत तिथं ताजं निकेल-५६ तयार करते. हे अनुमान नाही. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलन मेघातल्या (आपल्या शेजारची लहान दीर्घिका) स्फोटाचे न्यूट्रिनो जपानच्या कामिओकांडे आणि अमेरिकेच्या आयएमबी शोधकांत टिपले गेले. नंतर कोबाल्ट-५६ च्या गॅमा रेषा दिसल्या, आणि स्फोटाचा उजेड कोबाल्टच्या ७७ दिवसांच्या गतीनंच उतरत गेला. त्यावरून निघालेलं निकेल सूर्याच्या ०.०७ पट. श्वेतखुजांचे स्फोट मात्र एकेका वेळी सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाइतकं निकेल सोडतात, कारण तिथं मागं काहीच उरत नाही. म्हणून लोखंडाच्या चौकटीला तक्त्यावर अर्ध्याहून अधिक रंग श्वेतखुजांचा दे. ऑक्सिजन मात्र जवळजवळ पूर्ण जड ताऱ्यांचा.

कांद्याच्या चित्राखाली "प्रमाणात नाही" असं मोठ्या अक्षरात लिही. गाभा १ मिलिमीटरचा ठिपका काढलास तर काक्षीसारख्या (बीटलज्यूस) तांबड्या महाराक्षसी ताऱ्याच्या वर्तुळाचा व्यास ८०-१०० मीटरांच्या घरात जातो.

लोखंडापलीकडचं थोडक्यात उरक. विद्युतभार नसलेला न्यूट्रॉन भिंतीशिवाय आत शिरतो. सावकाश वाटेत (तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या अखेरच्या काळात, मुख्यतः कार्बन-१३ वर हीलियम आदळून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी) केंद्र एकेक न्यूट्रॉन घेत पुढं सरकतं. ५०, ८२, १२६ न्यूट्रॉनांची केंद्रं पुढचा न्यूट्रॉन घ्यायला नाखूश. तिथं पुन्हा रांग: स्ट्रॉन्शियम, बेरियम, शिसं. याचा पुरावा १९५२ मध्ये मेरिल यांनी दिला. त्यांना काही ताऱ्यांत टेक्नेशियम सापडलं, ज्याचा कुठलाच समस्थानिक काही दशलक्ष वर्षांहून फार टिकत नाही. अब्जावधी वर्षांच्या ताऱ्यात ते दिसतं म्हणजे तिथंच नुकतं शिजलेलं आहे. झपाट्याच्या वाटेत न्यूट्रॉनांचा मारा इतका की क्षय व्हायला फुरसत नाही. त्याच ५०, ८२, १२६ च्या थांब्यांवर केंद्रं पोचतात, पण कमी प्रोटॉन घेऊन. मारा थांबल्यावर ती क्षय पावत टेल्युरियम-झेनॉन आणि ऑस्मियम-इरिडियम-प्लॅटिनम यांच्या गटात उतरतात. सोनं प्लॅटिनमच्या रांगेच्या शेपटाला. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर गुरुत्वलहरींत आणि प्रकाशातही पकडली गेली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर, आणि तिच्या वर्णपटात पुढं स्ट्रॉन्शियम ओळखलं गेलं. तिच्या रेडिओ लहरींचा पाठलाग करणाऱ्या दुर्बिणींत आपल्या नारायणगावजवळची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीणही होती. "सोनं सुपरनोव्हात (ताऱ्याच्या स्फोटात) होतं" हे जुनं वाक्य बदल. पण "सगळं सोनं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतूनच" असंही ठासून म्हणू नकोस. त्याचा वाटा किती आणि दुसरी ठिकाणं कोणती, यावर अजून वाद आहे.

लिथियम, बेरिलियम, बोरॉन यांना ताऱ्यांच्या रंगातून वगळ. लिथियम २५ लाख केल्व्हिनलाच जळून जातं. तारे त्यांचे बहुतांशी भक्षक. बेरिलियम आणि बरंचसं बोरॉन विश्वकिरणांच्या (अवकाशातल्या अतिवेगवान कणांच्या) माऱ्यानं कार्बन-ऑक्सिजन फुटून होतं. अडलेलं साचतं, तसं सहज जळणारं दुर्मीळ होतं.

'मेसा' ही ताऱ्याचं आयुष्य संगणकावर चालवणारी प्रणाली वापरायची म्हणतेस, तर आधी ब्राउझरवरचं मेसा-वेब वापर. निकाल ईमेलनं येतात आणि बसवण्याची डोकेफोड टळते. सूर्याएवढ्या ताऱ्यापासून सुरू कर. हीलियमच्या भडक्यापाशी (गाभा सूर्याच्या ०.४५ पट झाल्यावर) गणनेची पावलं एकदम बारीक होतात आणि प्रोग्राम अडकला असं वाटतं. अडकलेला नसतो, थांब. जड ताऱ्याला एकवीस केंद्रांचं जाळं निवडलंस तर ऊर्जा ठीक येते, पण त्याला बेरियम विचारू नकोस, ते त्यात नाहीच. संवहनाच्या सीमेबाहेर माल किती ढवळायचा हा आकडा आपण घालतो, आणि गाभ्याचं वस्तुमान त्यावर बरंच हलतं. म्हणून तो आकडा आणि जाळीची बारकाई बदलून तीन वेळा चालव. तिन्ही उत्तरांत जे टिकेल तेवढंच तक्त्यावर लिही.

भाषणाला ४० मिनिटं आहेत. सोन्याला तीन पुरेत, नायट्रोजन आणि कार्बनला वीस दे. शेवटी कुणीतरी हमखास विचारेल, "सूर्यातून पुढच्या पिढीला काय मिळणार?" उत्तर तयार ठेव. सूर्य कार्बन आणि ऑक्सिजन बनवेल, पण त्याच्यासारख्या हलक्या ताऱ्यात खालचा माल वर ढवळून आणणारं संवहन पुरेसं खोल जात नाही. थोडा नायट्रोजन वर येईल, तो हायड्रोजन-हीलियमच्या पाकळ्यांबरोबर बाहेर पडेल. कार्बन-ऑक्सिजन मात्र सूर्याच्या आजच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून थोड्या अधिक श्वेतखुजात बंद होऊन राहील, आणि जोडीला दुसरा तारा नसल्यामुळे तो फोडायलाही कुणी येणार नाही.

तक्ता दुरुस्त केलास की पाठव, चार समीकरणांच्या आलेखासकट.